घडीबाई

आमच्या इमारतीत तिला सगळे घडीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. मुलं होण्याआधी बरीच वर्षं ती एका हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठीत कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे धुऊन आले की घड्या घालून फडताळात लावायचे, हे तिचं काम. नोकरी सुटली, पण हात सुटले नाहीत. तिच्या घरात टॉवेलसुद्धा कडेला कड लावून असायचा. दुसऱ्या मजल्यावरचे रिक्षावाले काका म्हणायचे, "तिच्याकडे झुरळ जरी शिरलं तरी पाय पुसून शिरतं."

मी तिच्या अगदी खालच्या घरात राहते. शिवणकाम करते, मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे जिन्यावरून कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे न बघताही मला कळतं. आम्ही दोघी एकाच चर्चच्या. पण मैत्री म्हणावी अशी बरीच उशिरा झाली, सगळं होऊन गेल्यावर. मधलं जे मला ठाऊक आहे ते तिनंच तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं.

तिचा नवरा पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता, कायम रात्रपाळी. तो पहाटे यायचा तेव्हा अंगाला भाजलेल्या पिठाचा वास असायचा आणि हातात गरम पावाची पिशवी. मुलं तोंड धुऊन तयार असत. मग पाचही जणं गोल बसून एक गीत म्हणत, बायबलातला शास्त्रभाग वाचत, प्रार्थना करत. तो बिचारा 'आमेन' म्हणता म्हणता पेंगायचा. चहापाव झाला की तो पडद्याआड झोपायला जाई आणि पडद्याच्या अलीकडे शाळा भरे.

कारण तिची मुलं शाळेत जात नव्हती. ती घरीच शिकवायची.

तीन मुलं. थोरली शांत, डोळ्यांनी बोलणारी. मधल्याला सगळे पंडित म्हणत, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत 'पण का?' असायचं. आणि शेंडेफळ म्हणजे बटण. इवलीशी, गोल, सतत कुणाच्या तरी कपड्याला चिकटलेली.

थोरली शाळेत जायची आधी. तिची जीभ अडखळायची. हजेरीला 'उपस्थित' म्हणता म्हणता पुढच्या तीन मुलांची नावं होऊन जात. मुलं नक्कल करत, ते चालतंच. पण एक दिवस वर्गाच्या बाईंनीच नक्कल केली आणि सगळा वर्ग हसला. थोरलीनं घरी येऊन दप्तर पलंगाखाली सारलं आणि बोलणंच बंद केलं. घडीबाईनं नवऱ्याशी बोलून, चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून, दोन्ही मोठ्या मुलांची नावं काढून घेतली. देवानं ही मुलं माझ्या पदरात घातलीत, मग त्यांना मीच का शिकवू नये, असं तिचं म्हणणं. सासूनं फोनवर तोंडसुख घेतलं, "पोरांना लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवणार आहेस का?" ती म्हणाली, "बरणीतलं टिकतं तरी."

आणि खरंच, तिनं घडी बसवली. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलेला आठवड्याचा तक्ता. तीन रंगांच्या तीन टोपल्या, ज्याची त्याची. आधी गणित, कारण सकाळी डोकं ताजं असतं. मग भाषा, मग एकानं भाजी निवडायची, एकानं केर काढायचा. बाप झोपलेला, म्हणून सगळं कुजबुजत. थोरली कुजबुजताना अडखळत नसे. पहिल्यांदा तिनं सबंध धडा न थांबता वाचला, तेव्हा घडीबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली म्हणे. चांगले दिवस होते ते. तिला विचारलं तर तीही तेच सांगते.

डोळ्यांचं सुरू झालं ते संध्याकाळी. दिवे लागायच्या वेळी तिला जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा होत. तिला वाटलं, थकवा. मग कोपरं आपटू लागली, दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. एका दुपारी बटणला शेजारणीकडे ठेवून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. डोळ्याचा आतला पडदा कडेकडेनं वाळत चाललाय, म्हणाले. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं. शेवटी नळीतून बघितल्यासारखं उरतं.

"आणि नळी?" तिनं विचारलं.

"तीही बारीक होत जाते."

"औषध?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

हे तिनं घरी सांगितलं नाही. नवरा रात्री घरी नसायचा, दिवसा झोपलेला. त्याच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. सांगितलं असतं तर मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत गेली असती, आणि थोरली पुन्हा मुकी झाली असती. हा तिचा हिशोब. शिवाय ती रोज प्रार्थना करत होती. देव ऐकणारच आहे, तर मग कशाला उगीच घर ढवळायचं?

तिनं काय केलं, तर घडी अजून घट्ट केली. खुर्ची वापरली की टेबलाखाली गेलीच पाहिजे. बादली न्हाणीच्या उजव्या कोपऱ्यातच. सुरी मूठ डावीकडे करूनच. आणि दार एक तर सताड उघडं, नाही तर पूर्ण बंद. अर्धं दार चालायचं नाही. अर्ध्या दाराची कड तिच्या नळीत यायचीच नाही, सरळ कपाळावर यायची. आम्हाला वाटायचं, बाईची शिस्त वाढत चाललीय. चर्चमधल्या बायका मला विचारायच्या, "काय गं, तुमची घडीबाई आता मुलांच्या श्वासालाही तक्ता लावते का?" मीही हसायची.

थोरलीला कळलं, आईनं न सांगता. एकदा घडीबाई पंडितची गणितं तपासत होती. चुकलेल्या गणितावर तिनं लाल बरोबरची खूण केली. थोरलीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या हातातून लाल पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "मी तपासते. तू भाजी बघ." त्या दिवसापासून शाळा खरं तर थोरली चालवू लागली. आईनं तोंडानं शिकवायचं, लेकीनं डोळ्यांनी. धाकट्यांना सांगायचं, "मम्मीनं सांगितलंय." बाजारात आईचा दंड धरायचा, पण असा की बघणाऱ्याला वाटावं, लेक लाडानं लटकलीय. पायरी आली की बोटानं हळूच दाबायचं. अकरा-बारा वर्षांची पोर, पण चालायची एखाद्या पोक्त बाईसारखी, जमिनीकडे बघत.

"तिला जड होत असेल असं वाटलं नाही?" मी पुढे एकदा विचारलं.

"वाटायचं," ती म्हणाली. "पण ती नाही म्हणायची. आणि मला नाहीच ऐकायचं होतं."

बटणचं वाचन मात्र घडीबाईनं स्वतःकडे ठेवलं. शेवटचं लेकरू. रोज बटण मांडीवर बसायची, पुस्तक स्वतःच्या मांडीवर ठेवायची, ओळीवर बोट फिरवत वाचायची. घडीबाई डोळे मिटून ऐकायची. तशीही तिला त्या कोनातून पान दिसत नव्हतं. मधे कुठे अडलं की बटण म्हणायची, "मम्मी, तू एकदा म्हण ना," आणि ही ते वाक्य म्हणायची, कारण दोन्ही मोठ्यांना तीच पुस्तकं शिकवल्यामुळे तिला ती पाठ होती. आठवड्याभरात बटण तो धडा घडाघडा वाचायची. घडीबाई सगळ्यांना सांगायची, "तिघांत हीच हुशार निघणार."

चर्चमध्ये वर्षातून एकदा मुलांची उपासना असे. त्या रविवारी मुलंच गीतं सांगायची, मुलंच शास्त्रभाग वाचायची. पाळकीणबाईंनी बटणला एक सोपा उतारा दिला, आयत्या वेळी, म्हणजे मुलं पाठ करून येणार नाहीत. बाहेर ढग होते आणि हॉलमध्ये पुढचेच दोन दिवे चालू होते. मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्या पुढे घडीबाईचं सबंध कुटुंब. रविवार, म्हणून नवराही.

बटण पुढे गेली. स्टुलावर चढली. पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. पण ती वाचत होती ते भलतंच होतं. घरच्या पहाटेच्या प्रार्थनेत जे स्तोत्र रोज म्हणत, ते. बोट मात्र ओळीवरून बरोबर सरकत होतं.

पाळकीणबाई हसून म्हणाल्या, "हे नाही गं राणी. खूण केलीय ना, तिथून वाच."

बटणनं पान उलटलं. बोट ठेवलं. पुन्हा तेच स्तोत्र.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाळकीणबाई वाकून हळू म्हणाल्या, पण माइक चालू होता, "हे पहिलं अक्षर कुठलं, सांग बघू?"

बटण बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी मम्मीला असंच वाचून दाखवते. मम्मीला चालतं."

पाळकीणबाई मनानं वाईट नाहीत. त्यांना वाटलं, पोरीची लाज राखावी. त्या पुस्तक घेऊन खाली आल्या, घडीबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या, तुम्हीच तिला धरून वाचा, म्हणजे घाबरणार नाही." पुस्तक त्यांनी बाजूनं पुढे केलं होतं. घडीबाई उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला, सरळ समोर, जिथे काहीच नव्हतं. बोटं हवेत उघडली, मिटली. पुस्तक तिच्या कोपराशी होतं. थोरलीनं झटकन तिचं मनगट धरून वळवलं, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. नवऱ्यानंही.

त्या दुपारी मी खाली बसून ऐकत होते असं नाही, पण आमची छतं पातळ आहेत. ओरडाआरडा नव्हता. तो कधीच ओरडायचा नाही. पुढचं तिनं सांगितलेलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"बटण चालायला लागली तेव्हापासून."

"म्हणजे वर्षं झाली. आणि पोरीला ठाऊक होतं."

"तिला मी सांगितलं नाही. तिला कळलं."

"मला नाही कळलं."

"तुम्ही झोपलेले असायचात," ती म्हणाली. तिला ते दोष द्यायला म्हणायचं नव्हतं; तसं होतं म्हणून ती बोलली. पण तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोरली मधे आली. बापाला काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिची जीभ पुन्हा अडखळली, इतक्या वर्षांनी. 'मम्मी'तल्या पहिल्या अक्षरावरच ती अडकून बसली. बापानं तिला पोटाशी धरलं. दोघांपैकी कुणीच घडीबाईकडे पाहिलं नाही, असं तिला वाटलं. खरं तर तिला दिसलंच नसेल.

तरी तिनं हट्ट सोडला नाही. "मी नीट शिकवते. थोरली बटणचं वाचन घेईल. तक्ता बदलते." नवरा म्हणाला, "बघ." तो असाच होता, नाही म्हणण्यापेक्षा बघ म्हणायचा. थोडे आठवडे गेले. थोरली आता तीन माणसांचं काम करत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं.

मग पंडितनं एक दार अर्धं ठेवलं.

त्याचीही चूक नाही. स्वयंपाकघराचं दार पूर्ण लोटलं की बिजागरी कुरकुरायची, आणि बाप नुकताच झोपला होता. पोरानं बापाची झोप सांभाळली. घडीबाई उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर आली. दाराची कड तिच्या कपाळावर बसली. किटली हातातून गेली. बटण नेहमीप्रमाणे आईच्या कपड्याला धरून मागेच होती.

ती किंकाळी मी मशीनवर असताना ऐकली. वर धावले तेव्हा बाप पोरीला नळाखाली धरून उभा होता, पाय आणि मांडी लालभडक झालेली. घडीबाई जमिनीवर बसून हातांनी चाचपडत विचारत होती, "कुठे भाजलं? कुणीतरी सांगा ना, कुठे भाजलं?" कपाळावरून रक्त येत होतं, ते तिच्या गावीही नव्हतं. पंडित दाराला पाठ लावून उभा होता, पांढराफटक.

रिक्षावाल्या काकांनी सगळ्यांना हॉस्पिटलात नेलं. तिचंच जुनं हॉस्पिटल. बटण वाचली, पण मांडीवरची कातडी सुरकुतली ती सुरकुतलीच. तिथे बाहेरच्या बाकावर पंडित म्हणाला, "मम्मी, ते दार..."

"मीच ठेवलं होतं," ती म्हणाली.

"नाही, मी..."

"मला आठवतंय. मी ठेवलं होतं. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई. मुलं पेन्सिलीबद्दल खोटं बोलली तरी ती त्यांना गुडघ्यावर बसवून क्षमा मागायला लावायची. आणि पोरगा काही खुळा नव्हता. त्याचं 'पण का?' त्या दिवसापासून बंद झालं. आता त्याला पंडित म्हटलं तर तो ओ देत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी ती माझ्याकडे आली, कठडा धरून, एकटीच. काखेत कापड होतं.

"गणवेश शिवायचेत," ती म्हणाली. "तिघांचे."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. "मापं घ्यायला पाठवते त्यांना. बटणचा स्कर्ट लांब ठेव. गुडघ्याच्या खाली. मुलं विचारतील नाही तर."

"ठेवते."

"आणि दुमड आत जास्त सोड. घडी विस्कटली तरी कापड कमी पडायला नको." तिनं हसायचा प्रयत्न केला. मलाही जमलं नाही.

मुलं शाळेत गेली. बटणला तिच्यापेक्षा लहान मुलांत बसवलं. वर्षभरात ती वाचायला शिकली. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, माझ्या दोऱ्यांच्या रिळांवरची नावं, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. फक्त आईला वाचून दाखवायची नाही. घडीबाईनं एकदा मांडीवर हात थोपटून बोलावलं, तर म्हणाली, "मला गृहपाठ आहे." थोरली वर्गात हुशार निघाली आणि गप्प राहिली. दोन्ही एकदम.

घडीबाईच्या घरात दिवसभर आवाज नाही. नवरा झोपलेला. ती केर काढते, तोच केर पुन्हा काढते. दुपारी माझ्याकडे येऊन बसू लागली. मी शिवलेले कपडे तिच्यापुढे टाकायची, ती घड्या घालायची. माझ्यापेक्षा नीट घालते, अजूनही. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"डोळ्यांसाठी प्रार्थना करतेस का गं अजून?" मी एकदा विचारलं. विचारू नये ते तोंडातून जातं माझ्या.

"नाही," ती म्हणाली. शर्टाची बाही सरळ केली. "थोरलीसाठी करते. तिचं लहानपण मी वापरून टाकलं. ते देव कुठून आणून देणार ते त्यालाच ठाऊक, पण मी मागते."

यंदा थोरली गेली. दूरच्या शहरात नर्सिंगचं शिक्षण, तिथेच वसतिगृह. घरातल्या कुणाला न विचारता तिनंच सगळं ठरवलं होतं. बापाला सही करायला लागली तेव्हा कळलं. बाप तिला पोचवायला निघाला. इमारतीच्या फाटकाशी रिक्षा उभी होती. घडीबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, लांबलचक. पोर मान खाली घालून उभी राहिली, मग आईच्या गालाला गाल लावला आणि रिक्षात बसली.

मी घडीबाईच्या शेजारी होते. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तशी तिनं माझ्या बाजूला तोंड केलं.

"रडतेय का गं ती?"

मी बघितलं. थोरली मागे वळली नव्हती. रिक्षा फाटकाशी वळताना ती कडेनं दिसली. रस्त्याकडे बघत होती, मान वर करून, आणि तिचा चेहरा असा मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "हसतेय."

"बरं झालं," ती म्हणाली. मग बराच वेळ ती फाटक धरून उभी राहिली. "आवाज अजून येतोय ना रिक्षाचा?"

येत नव्हता. तसं मी सांगितलं.